मासा गोल गोल फिरायला लागला तर समजायचं काय? जतच्या तळ्यातून थेट माशाच्या मेंदूत

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चर्चा झाली ती वीजदराची, किसान क्रेडिट कार्डाची, कर्जाची आणि विम्याची. मासे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या कोकणातल्या होड्या. पण हा निर्णय जतलाही लागू होतो.

हो, तेच जत. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, दुष्काळासाठी कायम बातम्यांत असणारा तालुका. २०२२ च्या शेवटी कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी इथल्या ४० गावांवर दावा सांगितला होता, तेव्हाही सगळ्या वादाच्या मुळाशी पाणीच होतं. पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी जिथं पोहोचलं तिथं तलाव भरायला लागले. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर राज्याच्या कोरडवाहू पट्ट्यात प्लास्टिकच्या कागदाची शेततळी वाढली. आणि पाणी सात-आठ महिने टिकतंय म्हटल्यावर कुणीतरी त्यात कटला, रोहू, मृगळ किंवा चिलापीची बोटुकली सोडतंच. डाळिंब-द्राक्षाला पाणी देता देता चार पैसे जास्तीचे मिळाले तर कुणाला नकोत?

आता समजा, अशाच एका तळ्यात सकाळी काही मासे स्वतःभोवती गोल गोल फिरताना दिसले. एखादा कुशीवर पडून पोहतोय, एकाचा डोळा बाहेर आलाय. पहिल्यांदा काय होतं? व्हिडिओ काढला जातो. गावातल्या ग्रुपवर पडतो. कुणी म्हणतं विष टाकलं, कुणी म्हणतं पाण्यात करंट सोडला, कुणी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून खाद्यात मिसळायला सांगतं. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ 'अमुक भागातले मासे खाऊ नका' असा मजकूर चिकटून फिरायला लागतो.

फिरणारा मासा बऱ्याचदा एकच गोष्ट सांगत असतो, की गडबड त्याच्या डोक्यात पोहोचली आहे. ती तिथपर्यंत कशी पोहोचली हे समजलं तर कर्ज, विमा आणि वीजदराच्या यादीत कुठली गोष्ट राहून गेली हेही लक्षात येतं. त्यासाठी आधी माशाचं डोकं उघडून बघू.

माशाला मेंदू असतो का, हा प्रश्नच चुकीचा

'गोल्डफिशची मेमरी तीन सेकंदांची असते' हे वाक्य तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. ते खोटं आहे. मासे शिकतात, आणि शिकलेलं कित्येक आठवडे, महिने लक्षात ठेवतात. रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात खाद्य टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. तो काठावर आला की मासे आधीच हजर असतात.

माशांचे दोन मोठे गट करता येतात. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारखा लवचिक. आणि कटल्यापासून बांगड्यापर्यंत बाकी बहुतेक मासे हाडांचे. आपण बोलतोय ते या हाडांच्या माशांबद्दल.

त्यांचा मेंदू शरीराच्या मानानं आपल्यापेक्षा खूपच लहान असतो. मोठ्या कटल्याच्या भल्याथोरल्या डोक्यात तो शोधावा लागतो. कवटीतली सगळी जागा तो भरतही नाही, उरलेल्या जागेत चरबीसारखा, जेलीसारखा मऊ भाग असतो. पण आत काम वाटून दिलेलं असतं. सगळ्यात पुढं वासाचे दोन गोळे. मग पुढचा मेंदू, त्यामागं डोळ्यांकडून आलेली माहिती घेणारे दोन ठळक उंचवटे. त्यांच्या मागं तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि शेवटी मज्जारज्जूकडं जाणारा देठ. कार्प कुळातल्या माशांत, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळात, या देठावर चवीसाठीचे भाग चांगलेच फुगलेले असतात. गाळ-पाणी तोंडात घेऊन त्यातलं खायचं तेवढं ठेवायचं आणि बाकी थुंकून द्यायचं, हे काम तोंडातल्या चवीवर चालतं, म्हणून.

या कुळाची आणखी एक खासियत पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. त्यांचे वासाचे गोळे मेंदूला चिकटलेले नसतात. लांब देठावर, पार नाकाजवळ जाऊन बसलेले असतात. म्हणजे मेंदूचा एक तुकडा जवळपास दारातच बसलाय.

आणि माशाचं नाक श्वासासाठी नसतंच. श्वास कल्ल्यांतून. नाक म्हणजे फक्त वास घ्यायची एक वाटी, एका भोकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. त्या वाटीतल्या चेतापेशींचं एक टोक तळ्याच्या पाण्यात आणि दुसरं थेट मेंदूच्या गोळ्यात. माशाच्या शरीरात बाहेरचं जग आणि मेंदू यांच्यात इतकं कमी अंतर दुसरीकडं क्वचितच असेल.

किल्ला आहे, पण दरवाजेही आहेत

मेंदूला जपायची माशाची पहिली तटबंदी मेंदूपासून सगळ्यात लांब असते. ती म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. मासा हातातून निसटतो तो या थरामुळं. हा थर म्हणजे माशाची पहिली इम्युनिटी. त्यात जंतू मारणारी प्रथिनं असतात, अँटिबॉडी असतात. २००५ मध्ये माशांत एक खास प्रकारची अँटिबॉडी सापडली, ट्राउट माशातलं तिचं नाव 'आयजीटी'. पुढं २०१० मध्ये कळलं की आतड्याच्या आतल्या थरावर ती पहारा देते. नंतरच्या अभ्यासांत त्वचा, कल्ले आणि नाकातही तिचं तेच काम दिसलं. आपल्या आतड्यात आणि नाकात हे काम वेगळी अँटिबॉडी करते.

दुसरी गोष्ट ऐकून बरेच जण चक्रावतात. आपल्या रक्तपेशी हाडांच्या आतल्या मगजात बनतात. माशाच्या हाडांत तशी रक्त बनवणारी अस्थिमज्जा नसतेच. तो कारखाना आहे त्याच्या किडनीच्या पुढच्या टोकाला, डोक्याच्या अगदी मागं. लसीकाग्रंथी, म्हणजे आपल्याला ताप आल्यावर मानेत सुजतात त्या गाठी, माशाला नसतात. थायमस कल्ल्यांच्या वर असतो. म्हणजे तटबंदी वेगळी, सैन्य जवळपास तेच.

मेंदूभोवती शेवटची भिंत असते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं सगळं काही मेंदूत जाऊ शकत नाही. हे आपल्यातही आहे. गंमत म्हणजे शार्क-मुशीत ही भिंत रक्तवाहिनीच्या पेशी नाही, तर मेंदूच्या आधार देणाऱ्या पेशी उभी करतात. हाडांचे मासे या बाबतीत आपल्या जास्त जवळचे.

भिंतीच्या आत पहारेकरीही आहेत. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूत फिरून मेलेल्या पेशी आणि घुसलेले जंतू खातात. २०१७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी झेब्राफिशच्या मेंदूच्या आवरणात आणखी एका प्रकारच्या पेशींचं वर्णन केलं. त्या लसीकावाहिन्यांच्या पेशींच्या नात्यातल्या, पण नळी न बनवता सुट्या राहतात आणि आसपासचा कचरा गिळतात. मेंदूच्या दारातली घंटागाडीच म्हणा ना. (झेब्राफिश जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, पण मूळचा आपल्या उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच माशाच्या त्वचेवर काम झालंय.)

२०१२ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी याच माशाबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. मोठ्या झेब्राफिशच्या मेंदूला इजा झाली की तो नव्या चेतापेशी बनवतो, आणि त्या कामाची सुरुवात सूज करून देते. माणसाच्या मेंदूत सूज म्हटलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या येतात. इथं तीच दुरुस्तीची घंटा.

आणि सगळ्यात ताजी, डोकं फिरवणारी बातमी २०२४ ची. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांना ट्राउट आणि सॅमनच्या मेंदूत जिवंत बॅक्टेरिया सापडले. आजारी नाही, धडधाकट माशांच्या मेंदूत. 'निरोगी मेंदू म्हणजे निर्जंतुक मेंदू' हे आपण धरून चाललेलो, ते निदान या माशांपुरतं तरी खरं नाही. यावरून माणसाच्या मेंदूबद्दल लगेच रील बनवू नका. अभ्यास माशांचा आहे.

मग जंतू जिंकतात कसे?

सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपीकडच्या मिशीवाल्या कॅटफिशचं, आपल्या मांगूर-शिंगाड्यांच्या लांबच्या नातेवाइकांचं. तिथं १९७० च्या दशकाच्या शेवटी एक बॅक्टेरिया ओळखला गेला, एडवर्डसिएला इक्टाल्युरी. त्याचा एक मार्ग आतड्यातून रक्तात जातो. दुसरा मार्ग नाकातून. नाकाच्या वाटीत शिरायचं, वासाच्या चेतातंतूच्या कडेनं वर चढायचं, मेंदूच्या आवरणात पोहोचायचं. तिथून तो कवटीचं हाड आणि कातडी पोखरत बाहेर येतो. जिवंत माशाच्या डोक्यावर अक्षरशः भोक पडतं. तिथले मत्स्यशेतकरी या रोगाला तेच नाव देतात, डोक्यात भोक.

नाकातून मेंदूकडं जाणारा हा रस्ता माणसालाही आहे. केरळमध्ये अलीकडच्या काळात 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'च्या बातम्या आल्या, त्यातला नेग्लेरिया हा अमिबा दूषित पाणी नाकात गेल्यावर याच वाटेनं चढतो. तो माशामुळं होत नाही, पण वाट तीच.

अर्थात माशानंही या दारावर पहारा बसवलाय. २०१९ मध्ये ट्राउटवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की नाकातल्या वास घेणाऱ्या काही चेतापेशी व्हायरसलाही ओळखतात आणि काही मिनिटांत रोगप्रतिकारक पेशी नाकाकडं धावायला लागतात. वास घेणारी पेशीच चौकीदार.

आपल्याकडच्या चिलापीच्या बाबतीत मोठा शत्रू स्ट्रेप्टोकोकस. हा बॅक्टेरिया उन्हाळ्यात, पाणी ३० अंशांच्या आसपास तापलं की जोर धरतो. मेंदूच्या आवरणाला सूज, बाहेर आलेले डोळे, गिरक्या घेत पोहणं ही त्याची ओळख. वर आपण समजा म्हणून जे चित्र रंगवलं ते याच रोगाचं. चिलापीचा एक व्हायरसही आहे, २०१४ मध्ये इस्रायलमध्ये ओळखला गेलेला आणि २०१८ मध्ये भारतातून नोंद झालेला. तो यकृत आणि मेंदू दोन्हींवर जातो. रायगडकडच्या जिताड्याच्या पिल्लांना होणारा नोडाव्हायरस तर मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यात पोकळ्याच पाडतो. आणि मरळ खाणाऱ्यांना १९८८ नंतर देशभर पसरलेला जखमांचा रोग आठवत असेल. त्यातली बुरशी काही वेळा डोक्यावरचं मांस खात कवटीपर्यंत पोहोचते.

जतचं तळं इथं कुठं बसतं?

माशाची ही सगळी तटबंदी पाण्याच्या हवामानावर चालते. मासा थंड रक्ताचा. पाणी एकदम गार झालं की त्याच्या रोगप्रतिकारक पेशी सुस्तावतात. मरळीचा तो जखमांचा रोग थंडीच्या दिवसांत जास्त दिसतो तो त्यामुळंच. पाणी तापलं की उलटा त्रास. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसात. आता जतचा एप्रिल-मे डोळ्यासमोर आणा. शेततळ्याचं पाणी पिकाला उपसलं जातंय, वरून ऊन पितंय, पातळी निम्म्यावर आलीय, पण मासे तेवढेच. गर्दी दुप्पट, ऑक्सिजन कमी. ताणामुळं माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं आणि ते त्याची इम्युनिटी खाली आणतं. दाटीत अंग घासतं, तो बुळबुळीत थर निघतो. पहिली भिंत पडली.

बोटुकली आणताना हेच होतं. ऑक्सिजनच्या पिशवीत तासन्‌तास प्रवास, मग पिशवी फोडून सरळ तळ्यात. पिशवी आधी अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवणं फुकटचं काम आहे, तरी घाईत राहून जातं.

तिसरा मुद्दा नदीचा. म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी उचलते, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमधून. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता आणि नदीच्या प्रदूषणाचा विषय गाजला होता. ते ठिकाण म्हैसाळच्या वरच्या बाजूला. म्हणजे नदीत जे होतं त्याचा जतच्या तलावांशी संबंध नाही असं म्हणता येत नाही. पाण्यासोबत मासे येतात, माशांसोबत जंतू. मला विचाराल तर दुष्काळी भागात पाणी पोहोचवणाऱ्या योजनांवर बोलताना हा मुद्दा आपण जवळपास कधीच काढत नाही. पाणी आलं हीच बातमी एवढी मोठी असते.

पण फिरणारा प्रत्येक मासा मेंदूच्या रोगाचाच असतो असंही नाही. द्राक्ष-डाळिंबावर फवारलेली काही कीटकनाशकं तळ्यात वाहून आली तर ती माशाच्या चेतासंस्थेवरच घाव घालतात आणि मासा असाच वेडावाकडा पोहतो. फरक ओळखायची एक ढोबळ पण कामाची खूण आहे. एका रात्रीत सगळ्या जातींचे, लहान-मोठे मासे एकदम मेले तर संशय पाण्यावर, म्हणजे ऑक्सिजन किंवा विष. एकाच जातीचे मासे, रोज थोडे थोडे, आणि संख्या वाढत चाललेली असेल तर संशय रोगावर. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी पाणी हलवायची सोय करा, मेंदूचं नंतर बघू.

दर्जा शेतीचा, डॉक्टर कुठाय?

म्हैस आजारी पडली तर जनावरांचा दवाखाना गाठता येतो. माशासाठी तालुक्याच्या गावात तसं दार नाही. मत्स्य विज्ञानाची महाविद्यालयं रत्नागिरीजवळ शिरगावला, उदगीरला आणि नागपूरला. देशातली नामांकित केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून मुंबईत आहे, जतपासून चारशे किलोमीटरहून लांब. केंद्रानं जून २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं ॲप आणलं. जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तो भाग आहे. फोटो, ठिकाण, लक्षणं टाकून तज्ज्ञांपर्यंत पोहोचता येतं. कल्पना चांगली आहे. पण फोटोवरून मेंदूची सूज बॅक्टेरियाची की व्हायरसची हे ठरत नाही. त्यासाठी नमुना लॅबमध्ये जावा लागतो.

आणि ते ठरणं पैशाशी जोडलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं मत्स्य किसान समृद्धी सह-योजना मंजूर केली, तिच्यात लहान मत्स्यशेतकऱ्यांना विम्याच्या हप्त्यासाठी मदत आहे. आता राज्यानं शेतीचा दर्जा दिलाय. पण मासे कशानं मेले हे सांगणारा कागदच नसेल तर विम्याचा दावा कशाच्या जोरावर लढायचा? कर्ज काढून बीज टाकणाऱ्याला वीजदराच्या सवलतीइतकीच जिल्ह्याच्या ठिकाणी मासे तपासणारी लॅब गरजेची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

निदान नसलं की ती जागा अँटिबायोटिक भरून काढतं. व्हायरसवर ते काहीच करत नाही. बॅक्टेरियावर दिलं तरी आजारी मासा खाद्यच खात नाही, त्यामुळं औषध पोटात जातं ते बऱ्याचदा धडधाकट माशांच्या. शिवाय मेंदूची ती घट्ट भिंत जंतूंना अडवते तशी अनेक औषधांनाही अडवते. उरलेलं पाण्यात आणि गाळात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारखी औषधं तर माशांसाठी वापरायला बंदीच आहे.

दुसरा रस्ता लसीचा. नॉर्वेत समुद्रात सोडण्याआधी सॅमनला लस टोचली जाते. १९८७ मध्ये तिथं मत्स्यशेतीत वर्षाला पन्नास टनांच्या आसपास अँटिबायोटिक जात होतं, लसी आल्यानंतर ते जवळपास ९९ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडं २०२२ मध्ये हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीनं मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसोबत गोड्या पाण्यातल्या माशांच्या दोन बॅक्टेरियाजन्य रोगांवर लसी बनवण्यासाठी हात मिळवला. त्यातला एक एडवर्डसिएलाच्या कुळातलाच. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेसोबत जिताड्याच्या मेंदूवर जाणाऱ्या त्या नोडाव्हायरसच्या लसीसाठीही याच कंपनीनं करार केला. गाईला लाळ्या-खुरकुताची लस देतात तितकी माशाची लस नेहमीची व्हायला अजून वेळ आहे.

खायचं की नाही?

व्हायरल मेसेज वाचून मासे बंद करणाऱ्यांसाठी थोडक्यात. माशांचे बहुतेक व्हायरस माणसाला लागत नाहीत. अपवाद म्हणून सांगायचं तर २०१५ मध्ये सिंगापूरमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाऊन शंभराहून अधिक लोकांना स्ट्रेप्टोकोकसचा गंभीर संसर्ग झाला, काहींच्या मेंदूच्या आवरणालाही सूज आली. त्यानंतर तिथं गोड्या पाण्यातला कच्चा मासा खायला देण्यावर बंदी आली. आपल्याकडं मासा कालवणात रटरटतो किंवा तव्यावर कडक होतो, त्यात हा जंतू टिकत नाही. मेलेला, फुगलेला, वास येणारा मासा मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आजारी मासे साफ करताना हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

आणि तळं तुमचंच असेल तर मेलेल्या माशांचा ढीग लॅबला नेऊन उपयोग नाही. गिरक्या घेणारा, अजून जिवंत असलेला मासा हवा. तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत दोन-तीन मासे, सोबत वेगळ्या बाटलीत पाणी, आणि कुठल्या तारखेला किती मेले याची चिठ्ठी. ते जमत नसेल तर नुकताच मेलेला मासा बर्फावर ठेवून, पण गोठवू नका, त्याच दिवशी निघा. कारण मासा मेला की आत सगळ्यात आधी विरघळणाऱ्या अवयवांत मेंदू असतो, आणि जतच्या उन्हात त्याला काही तासही पुरतात.